स्कार्लेट फीवर: ताप उतरला, पुरळ विरलं, मग औषध १० दिवस कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी साडेपाच वर्षांची, वजन १६ किलो. आधी ताप, घसादुखी आणि दोन उलट्या. दुसऱ्या दिवशी अंगभर बारीक लाल पुरळ. डॉक्टरांनी घसा आणि जीभ पाहून स्कार्लेट फीवर सांगितला आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप (५ मिलीत २५० मिग्रॅ) ८ मिली दोन वेळा, १० दिवस लिहून दिलं. दोन दिवसांत ताप उतरला, पुरळही विरत गेलं. आज औषधाचा सातवा दिवस. ६० मिलीच्या दोन बाटल्या संपत आल्यात आणि बोटांच्या टोकांची सालं निघायला लागलीत. सासूबाई म्हणतात हा गोवरच होता, औषध उष्ण पडलं, आता बंद कर. शेजारच्यांनी एएसओ ही रक्ताची टेस्ट करून घ्यायला सांगितलंय. दोन वर्षांच्या धाकट्यालाही औषध द्यायचं का आणि मोठीला शाळेत कधी पाठवायचं, हेही तुम्ही विचारलंय.

घाईचं आधी सांगतो. तिसरी बाटली आजच आणा आणि १० दिवस पुरे करा. सालं निघतायत ती आजारामुळे, औषधामुळे नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. एक मात्र लक्षात असू द्या: मी मुलीला तपासलेलं नाही. खाली दिलेले डोस तुम्हाला कळावं म्हणून आहेत. चिठ्ठीवर वेगळं काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. मुलाला पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी झालीय, त्याला किडनीचा काही त्रास आहे का, घरात कुणाला हृदयाची झडप खराब आहे का, यावर निर्णय बदलतात.

आता मूळ मुद्दा. या आजारात सगळ्यांचं लक्ष पुरळाकडे जातं, पण आजार असतो घशात. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) हा जंतू टॉन्सिलवर वाढतो. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात, ते रक्तातून फिरतं आणि त्वचा लाल होते. म्हणजे स्कार्लेट फीवर म्हणजे स्ट्रेपचा घसा अधिक पुरळ, एवढंच. हे पुरळ औषध न देताही आठवडाभरात जातं. ताप आणि घसादेखील बहुतेक मुलांत आपोआप बरे होतात. म्हणून तर 'बरी झाली, आता कशाला औषध' असं वाटणं साहजिक आहे.

औषध द्यायचं ते पुढच्या धोक्यासाठी. घशातला जंतू पुरता गेला नाही, तर काही मुलांचं शरीर त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. हाच ऱ्हुमॅटिक फीवर. तो घसा दुखल्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी येतो, ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो, आणि हृदयाची झडप एकदा बिघडली की ते दुखणं जन्मभराचं होऊन बसतं. श्रीमंत देशांत तो जवळजवळ दिसेनासा झाला, आपल्याकडे नाही. झडपा बदलायच्या ऑपरेशनला येणाऱ्या तरुण रुग्णांमागे आजही बहुधा लहानपणीचा हाच ताप असतो. घशावर पेनिसिलिन (तुमचं अमॉक्सिसिलिन त्याच कुटुंबातलं) दिलं तर तो टळतो, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या एका लष्करी तळावरच्या सैनिकांवर सिद्ध झालं. त्याच काळातल्या कामातून हेही कळलं की आजार सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध चालू झालं तरी संरक्षण मिळतं. म्हणून घसातपासणीच्या रिपोर्टसाठी एखाद-दुसरा दिवस थांबावं लागलं तर घाबरायचं कारण नसतं. पण चालू केलेलं औषध चार दिवसांत सोडणं वेगळं. तेवढ्याने ताप जातो, घशातला जंतू जाईलच असं नाही.

किडनीच्या सुजेबाबत मात्र इतकी खात्री देता येत नाही. स्ट्रेपनंतर काही मुलांच्या किडनीला सूज येते आणि औषध वेळेवर दिलं तरी ती टळेलच असं नाही. म्हणून कोर्स संपल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवायचं असतं. कशावर, ते शेवटी सांगतो.

गोवर की स्कार्लेट फीवर? सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही, दोन्हींत ताप आणि लाल पुरळ असतं. पण क्रम वेगळा. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, वाहतं नाक, खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे. मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ सुरू होऊन खाली उतरतं, आणि पुरळ येताना ताप आणखी चढतो. स्कार्लेट फीवरमध्ये नाक कोरडं, खोकला नाही, डोळे स्वच्छ. ताप, घसा, डोकेदुखी, पोटदुखी, उलटी अशी सुरुवात होते आणि एक-दोन दिवसांत मान, काखा, जांघा इथून पुरळ पसरतं. गाल लाल पण ओठांभोवतीचा भाग फिका. जिभेवर आधी पांढरा थर आणि त्यातून वर आलेले लाल दाणे, चौथ्या-पाचव्या दिवशी थर निघून जीभ लालबुंद. कोपराच्या आणि काखेच्या घडीत पुरळ गडद रेघांसारखं जमतं. मुलीला गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस (९ महिने पूर्ण झाल्यावर एक, १६ ते २४ महिन्यांत दुसरा) मिळाले असतील, तर गोवराची शक्यता आणखी कमी. लसीकरणाचं कार्ड काढून बघा, घरातला वाद तिथेच मिटेल.

आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, आणि फोटोवरून निदान चुकतं ते बहुधा इथेच. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हातावर विसंबायचं. पोटावरून किंवा दंडाच्या आतल्या बाजूने तळहात फिरवा. कातडी पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागली तर स्कार्लेट फीवरचा संशय पक्का होतो. घामोळ्याही खरखरीत लागतात, पण घामोळ्यांनी घसा दुखत नाही आणि १०२ ताप येत नाही.

आता सालांचं. पुरळ विरल्यावर, साधारण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, बोटांची टोकं, तळहात, तळपाय, जांघा इथली कातडी सुटते. कधी नखांच्या कडेने चांगली मोठी पापुद्री निघते. हे दोन-तीन आठवडे, क्वचित त्याहून जास्त चालतं. दुखत नाही आणि सालांतून आजार पसरत नाही. खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, नखं कापा, सालं ओढू देऊ नका. औषधाची ॲलर्जी अशी दिसत नाही. तिच्यात खाजरे, उठलेले, जागा बदलणारे चट्टे येतात, ओठ-पापण्या सुजतात, किंवा औषध चालू असताना विरलेलं पुरळ सोडून नव्यानेच दुसरं पुरळ उठतं. असं काही झालं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना दाखवा, आणि ओठ सुजून श्वास लागला तर थेट हॉस्पिटल गाठा.

सालं निघण्याच्या बाबतीत एकच आजार विसरून चालत नाही: कावासाकी. त्यातही लाल जीभ, पुरळ आणि पुढे बोटांची सालं असतात. पण ताप ५ दिवस किंवा जास्त टिकतो, अँटिबायोटिकला दाद देत नाही, डोळे चिपडांशिवाय लाल होतात, ओठ फुटतात, हातपाय सुजतात, आणि मूल बहुधा पाच वर्षांच्या आतलं असतं. त्याचं इंजेक्शन १० दिवसांच्या आत मिळालं तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचायची शक्यता वाढते. तुमच्या मुलीचा ताप दोन दिवसांत उतरला, त्यामुळे तिच्याबाबत मी ही काळजी करणार नाही. ज्यांचा ताप औषध चालू करूनही ४८ तासांत उतरत नाही, त्यांनी मात्र 'अजून दोन दिवस बघू' न म्हणता परत दाखवायला जावं. निदान चुकलं असेल, टॉन्सिलच्या मागे पू झाला असेल, किंवा मूल प्रत्येक डोस ओकत असेल.

तपासणीचं सांगायचं तर खरी तपासणी म्हणजे औषध सुरू करण्याआधी घेतलेला घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना. रॅपिड टेस्ट काही मिनिटांत सांगते, कल्चरला (नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला) एक ते दोन दिवस लागतात. रॅपिड टेस्टची सोय आपल्याकडे सगळीकडे नाही, आणि चित्र इतकं स्पष्ट असेल तर तिच्याशिवाय औषध चालू करणं मला चूक वाटत नाही. एएसओ मात्र आता करू नका. ती घशातला जंतू दाखवत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. ती वाढायला एक ते तीन आठवडे लागतात आणि पुढे काही महिने वाढलेलीच राहू शकतात. म्हणजे आजारात ती नॉर्मल येऊन खोटा दिलासा देते, आणि बरं झाल्यावर वाढलेली येऊन घरच्यांची झोप उडवते. निव्वळ 'एएसओ वाढलंय' म्हणून धडधाकट मुलांना महिनोन् महिने पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली जातात, ते थांबायला हवं. ऱ्हुमॅटिक फीवरची किंवा किडनीच्या सुजेची शंका आली, तरच या टेस्टचा उपयोग.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि डोस अगदी बरोबर आहे. अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ५० मिग्रॅ. १६ किलोला ८०० मिग्रॅ, म्हणजे ४०० मिग्रॅ दोनदा, म्हणजे ८ मिली दोनदा. (एकूण ८०० एकदम दिवसातून एकदा दिलं तरी चालतं, दिवसाची कमाल मर्यादा १००० मिग्रॅ.) रोज १६ मिली म्हणजे १० दिवसांना १६० मिली. तुमच्या दोन बाटल्यांत १२० मिली होतं, त्या सातव्या-आठव्या दिवशी संपणारच. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं समजून औषध थांबतं, हे फार घरांत होतं. मेडिकलमधून बाहेर पडतानाच रोजचे मिली गुणिले १० असा हिशेब करावा.

या सिरपची पावडर मिळते. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घाला, जोरात हलवा, फेस बसला की खुणेपर्यंत भरा. आधीच खुणेपर्यंत भरून हलवलं तर पातळी खाली जाते, आणि तसंच ठेवलं तर औषध दाट होतं. पाणी घातलेली बाटली साधारण ७ दिवसच वापरायची असते, लेबलवर बघा आणि फ्रिजमध्ये ठेवा. म्हणून सगळ्या बाटल्या एकदम कालवू नका. एक संपली की दुसरी. प्रत्येक वेळी हलवून घ्या, नाहीतर वरचं पाणी आधी जातं आणि तळाला औषध उरतं. घरातला चमचा नको, मिलीच्या खुणांची सिरिंज घ्या. आणि मेडिकलवाल्याने ५ मिलीत १२५ मिग्रॅवाली बाटली दिली तर डोस १६ मिली होतो, हे तिथल्या तिथे तपासा. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळा ओकली तर पुन्हा द्या. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर द्या, दुप्पट देऊ नका.

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळलेलं अमॉक्सिसिलिन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. या जंतूला त्याची गरज नाही, कारण पेनिसिलिन निकामी करणारं एन्झाइम तो बनवतच नाही. पेनिसिलिनला न जुमानणारा ग्रुप ए स्ट्रेप अजून रुग्णांत दिसलेला नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने जुलाब तेवढे वाढतात, आणि जुलाब झाले की आई औषध बंद करते. दुसरीकडे ॲझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स. गोड, दिवसातून एकदा, म्हणून लोकप्रिय. पण तो या आजारात अपुरा आहे. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असेल तरच ॲझिथ्रोमायसिन, आणि तेही किलोमागे १२ मिग्रॅ रोज एकदा, ५ दिवस (दिवसाला जास्तीत जास्त ५०० मिग्रॅ). त्याला दाद न देणारे स्ट्रेप आहेत, म्हणून मी त्याला पहिला नंबर देत नाही. नुसतं साधं पुरळ आलं एवढीच जुनी ॲलर्जी असेल तर सेफॅलेक्सिन १० दिवस चालतं. पूर्वी अंग सुजून श्वास लागला असेल तर तेही टाळतात. जी मुलं औषध तोंडातच घेत नाहीत किंवा जिथे १० दिवसांची खात्री नाही, तिथे बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं: २७ किलोच्या आत ६ लाख युनिट, त्याहून जास्त वजनाला १२ लाख. दुखतं खूप, आणि ॲलर्जी सांभाळायची सोय असेल तिथेच घ्यावं. पुरळासाठी स्टेरॉइड देण्याची गरज नसते.

तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. १६ किलोला २४० मिग्रॅ. ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५० अशा दोन्ही बाटल्या बाजारात आहेत: पहिलीतून १० मिली, दुसरीतून पाच मिलीला थोडं कमी. घरात दोन्ही असतील तर एक टाकून द्या. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर डेंगीची साथ असते, त्यातही अंग लाल होतं. तो नाही हे नक्की होईपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड किंवा त्यांची मिश्रणं नकोत. ॲस्पिरिन तर मुलांना देऊच नये.

पथ्याचं सोपं आहे. घसा दुखतोय तोवर मऊ आणि कोमट किंवा गार: खिचडी, वरणभात, आंबील, ताक, शहाळ्याचं पाणी. तिखट आणि आंबट झोंबतं म्हणून टाळा, एवढंच. कोमट पाण्याने आंघोळ रोज घाला. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, हे सासूबाईंना पाळायचं असेल तर पाळू द्या, त्याने काही बिघडत नाही. पाला अंगाला घासायचा नाही आणि औषध बंद करायचं नाही, या दोन गोष्टींवर मात्र ठाम राहा.

धाकट्याला लक्षणं नसतील तर औषध नको. हा आजार खोकल्या-शिंकांतून आणि उष्ट्या भांड्यातून पसरतो, लागण झाली तर बहुधा २ ते ५ दिवसांत कळते. मोठीचं औषध चालू होऊन आठवडा झाला, तेव्हा तिच्याकडून आता लागायची भीती जवळपास नाही. त्याला ताप, गिळताना रडणं, मानेत गाठी किंवा पुरळ दिसलं तर दाखवा. तिचं सिरप त्याला परस्पर देऊ नका. तीन वर्षांच्या आत ऱ्हुमॅटिक फीवर फार क्वचित होतो, हा एक दिलासा. घरात नुकतीच बाळंतीण झालेली कुणी असेल, कुणाला कांजिण्या असतील किंवा कुणाला पूर्वी ऱ्हुमॅटिक फीवर झाला असेल, तर मात्र ते डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांच्यासाठी हाच जंतू जास्त धोक्याचा ठरतो.

शाळेत जायला ताप उतरलेला हवा आणि औषध सुरू होऊन पूर्ण एक दिवस झालेला हवा. तिचे दोन्ही झालेत, खात-पीत-खेळत असेल तर उद्या पाठवा. सालं बघून शाळेने आक्षेप घेतला तर डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी पुरे.

आता लक्ष कशावर ठेवायचं. आत्ता तोंड उघडता न येणं, लाळ गळणं, मान वळवता न येणं, श्वास लागणं, मूल गळून जाऊन हाक मारल्यावर नीट न बघणं, हात किंवा पाय असह्य दुखणं, दाबल्यावर न पुसणारे जांभळे डाग, आठ-दहा तास लघवी नसणं: यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. पुढचे चार-एक आठवडे काळ्या चहाच्या रंगाची लघवी, सकाळी सुजलेले डोळे, कमी लघवी आणि डोकेदुखी दिसली तर त्याच दिवशी लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. एक सांधा सुजून बरा होतो तोच दुसरा सुजतो, ताप परत येतो, जिना चढताना धाप लागते, हे दिसलं तर हृदयाची तपासणी हवी. हातपाय आपोआप हलणं, अक्षर अचानक बिघडणं हे काही महिन्यांनीही दिसू शकतं आणि मुलाचा खोडकरपणा म्हणून सुटून जातं. यातलं काहीच नसेल तर पुन्हा स्वॅब, रक्त किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) करायची गरज नाही.

पुन्हा होईल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. होऊ शकतो, कारण पुरळ आणणारी विषं एकाहून जास्त आहेत आणि लस अजून नाही. पुढच्या वेळी पुरळाशिवाय नुसता स्ट्रेपचा घसा येण्याची शक्यता जास्त, आणि त्यालाही हेच १० दिवस. एका आजारासाठी टॉन्सिल काढायचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर नको म्हणा.